घरी न शिकणारा डबा

आमच्या घरी रिमोट उभं राहून वापरतात. दिवाणावरून उठायचं, टीव्हीपासून हातभर अंतरावर जायचं, दंड ताठ करायचा आणि बटण दाबायचं. शेजारच्या आंटी एकदा हे बघून म्हणाल्या, "इतना चलके गए, तो टीवी का ही बटन दबा देते, भाईसाहब." समाधानचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, उत्तर तयार होतं. "टीवी बूढ़ा हो गया है, आंटीजी. ऊँचा सुनता है."

वर्षभर हे असंच चाललं होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग फेब्रुवारीत मामाजींना झटका आला.

मामाजी म्हणजे माझे सासरे, दादाराव. आमच्या विदर्भात सासऱ्यांना मामाजी म्हणतात, आणि दिल्लीत जन्म गेला तरी ते काही बदललं नाही. सरकारी खात्यात आयुष्यभर फायलींवर 'कृपया चर्चा करावी' असा शेरा मारत आलेला हा माणूस घरात मात्र कशावरच चर्चा करायला तयार नसे. झटक्यात उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ वाचली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. मी मनात म्हटलं, काय उपयोग, हे काही मागणार थोडेच आहेत! तहान लागली की पाण्याच्या पेल्याकडे नुसते बघत बसायचे आणि आपलं लक्ष गेलं की म्हणायचे, "नाही, नाही, मी आपलं असंच बघत होतो."

सकाळी आम्ही सगळेच बाहेर पडायचो. समाधानची चार्टर्ड बस मयूर विहारच्या नाक्यावरून सुटायची, आमच्या लेकीचं, क्रांतीचं, कॉलेज असायचं, आणि मी नोएडातल्या एका शाळेच्या ऑफिसात फीचं काम बघते, तिथे जायचे. दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. ती मामाजींना जेवण द्यायची, औषध द्यायची आणि आतल्या खोलीत जाऊन झोपायची. म्हणून जाताना आम्ही मामाजींना सोबत म्हणून बातम्यांचं चॅनेल लावून द्यायचो. चांगलं खणखणीत.

मे महिन्यात एकदा मी भाजी घेऊन आले, तर मामाजी फोनवर गुणवंतभाऊजींशी बोलत होते. भाऊजी म्हणजे त्यांचे थोरले चिरंजीव, वर्ध्याला असतात. मामाजी म्हणत होते, "इथं साधं टीव्हीचं बटण दाबायलाबी माणूस लागते मले. पोरं थकून येतात बिचारे. तू ये आन् घेऊन जा."

भाऊजींनी जूनच्या शेवटाचं तिकीट काढलं. समाधान दोन दिवस जेवला नाही नीट. क्रांतीने आबांशी, म्हणजे आजोबांशी, कट्टी केली आणि ती स्वतःच मोडली. एके दिवशी पुन्हा भाजीची पिशवी रिकामी करता करता मी विचार केला, की टीव्हीच्या बटणापायी माणूस घर सोडत असेल तर मग बटणाचंच काहीतरी केलं पाहिजे.

मी कॉमर्सची. पण बंद पडलेली वस्तू उघडून बघायची खोड मला लहानपणापासून. आधी इस्त्री, मग मिक्सर, मग रेडिओ. पुढे दर महिन्याला एक इलेक्ट्रॉनिक्सचं मासिक घ्यायला लागले, त्यातलं निम्मं कळायचं नाही, ते परत वाचायचे. "वैजूने उघडलेली वस्तू बंद होते तेव्हा एक स्क्रू शिल्लक राहतो," असं समाधान सगळ्या पाहुण्यांना सांगतो. मी उघडलेला मिक्सर अकरा वर्षं चाललाय हे सांगत नाही.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, आमचं ऑफिस दुपारपर्यंतच असायचं. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटमधून मी एक शिकणारा रिमोट आणला. म्हणजे असं, की आपल्या घरातले रिमोट त्याच्यासमोर धरायचे, एकेक बटण दाबायचं, आणि तो ते ध्यानात ठेवतो. मग सगळ्यांचं काम तो एकटाच करतो. आमच्याकडे टीव्हीचा एक आणि छतावरच्या छत्रीला, म्हणजे डिशला, जोडलेल्या डब्याचा एक, असे दोन रिमोट होते, दोन्हींवर मसुराच्या डाळीएवढी बटणं. मामाजींच्या डाव्या हाताला ती सापडणं शक्य नव्हतं. म्हणून त्या नव्या रिमोटची पोटातली पट्टी मी बाहेर काढली आणि तिला पाच मोठी बटणं जोडली. दारावरच्या घंटीची असतात ना, ती. चालू-बंद, चॅनेल पुढे-मागे, आवाज कमी-जास्त. हे सगळं क्रांतीच्या शाळेतल्या गुलाबी टिफिनमध्ये बसवलं.

"आई यार, त्यावर टेडी आहे," क्रांती म्हणाली.

"असू दे. आबांना सोबत होईल."

मामाजी दिवाणावरून बघत होते. "काहून वं वैजयंती, मले आता शाळेत घालतं का?"

शाळेत घालायची पाळी मामाजींवर आली नाही, डब्यावर आली. कारण तो शिकेचना.

डब्याला समोरून एक डोळा होता, तीन पायांचा काळा मणी. शेजारी एक दिवा. शिकला की हिरवा लागायचा, चुकला की लाल. मी हॉलमधल्या टेबलावर बसून टीव्हीचा रिमोट त्याच्या डोळ्यासमोर धरला, बटण दाबलं. लाल. पुन्हा. लाल. अंतर कमी केलं, वाढवलं. बटण टिचकीसारखं दाबलं, मग दाबून धरलं. लालच.

रिमोट गचकला असेल म्हणून सेल बदलले. क्रांतीच्या नव्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचं टोक पाहिलं. डोळ्याला न दिसणारा त्याचा प्रकाश कॅमेऱ्यात जांभळा लुकलुकताना दिसतो. लुकलुकत होता. म्हणजे मास्तर बोलत होते. विद्यार्थीच बहिरा.

"डोळा आहे म्हणतेस आणि बहिरा म्हणतेस," समाधान पेपरातून म्हणाला. "आधी एक काय ते ठरव."

"तुम्ही वाचा तुमचा पेपर."

"वाचतोच आहे. फक्त विचारतो, स्क्रू किती उरले?"

मी डोळा बदलला. लाजपत राय मार्केटात जाऊन नवा आणला, जुना काढला, डाख देऊन नवा जोडला. लाल. त्या नव्यातही खोट असेल म्हणून तिसरा. लाल. शेवटी टिफिनच उचलला, टीव्हीचा रिमोट पर्समध्ये टाकला आणि दुकानात जाऊन काउंटरवर आपटला. दुकानदाराने चहाचा ग्लास बाजूला सरकवला, रिमोट समोर धरला, दाबला.

हिरवा.

"मैडम, बढ़िया सीख रहा है," तो म्हणाला. "डिब्बा भी सुंदर है."

मी त्याच्याकडून दहा वेळा करून घेतलं. दहाही वेळा हिरवा. मग ते सगळं पुसलं, घरी सगळ्यांसमोर पहिल्यापासून शिकवावं म्हणून. घरी आले, टेबलावर ठेवला, दाबलं. लाल.

"म्हणजे क्लासमध्ये शिकतो, घरी शिकत नाही," समाधान म्हणाला. "आपल्या क्रांतीसारखाच आहे."

"पप्पा!"

"त्याचं नावपण क्रांती ठेवा," मामाजी म्हणाले. घरात इतक्या दिवसांनी सगळे एकदम हसलो, आणि लगेच गप्प झालो, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर भाऊजींच्या तिकिटाच्या तारखेभोवती समाधानने निळं वर्तुळ काढलेलं होतं. ती तारीख आता चालू आठवड्यातच आली होती.

दुकानात आणि घरात काय वेगळं, याचा मी जेवताना, झोपताना विचार करत होते. दुकानात ट्यूबलाइट होती, जुन्या चोकची. घरात समाधानच्या काटकसरीमुळे सगळीकडे नवे बारीक वळणाचे दिवे, सीएफएल. गेल्या वर्षी त्याने एका रविवारी स्टुलावर चढून घरातले सगळे बल्ब बदलले होते आणि पुढच्या महिन्याचं कमी आलेलं विजेचं बिल फ्रेम करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मासिकात मी वाचलं होतं, की हे दिवे स्वतःच सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतात. आपल्याला कळत नाही. पण रिमोटही नेमका तसाच लुकलुकून बोलतो. दोघं एकदम बोलायला लागले तर ऐकणाऱ्याने काय करावं?

मला वाटलं, सापडलं. मी हॉलमधले सगळे दिवे बंद केले, खिडक्यांचे पडदे ओढले. दाबलं. लाल.

झालं, सिद्धांत मेला. मी फार नाराज झाले. सिद्धांत सुंदर होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. जूनमध्ये दिल्लीत ती रोजच जायची. कूलर थांबला, टीव्हीवरची बातम्यांची बाई वाक्याच्या मध्येच गेली. इन्व्हर्टरवर आमच्या हॉलचा पंखा चालतो, तो कुरकुरत फिरायला लागला. मी म्हटलं, आता तर आख्ख्या घरात, आख्ख्या गल्लीत एक दिवा नाही, शेवटचं बघून घेऊ. डब्यात सेल होतेच. दाबलं. लाल.

मी चिडून डबा आणि रिमोट तसेच हातात घेऊन दूध उतू जातंय का बघायला स्वयंपाकघरात गेले. तिथे काळोख. गॅस बंद केला आणि रागाच्या भरात, शिव्या घातल्यासारखं, एकदा रिमोटचं बटण दाबलं.

हिरवा.

"अहो!" मी ओरडले. सगळे दचकले. मामाजी बाहेरून म्हणाले, "भाजलं का वं?"

मी हॉलमध्ये आले. लाल. स्वयंपाकघरात गेले. हिरवा. उंबऱ्यात उभी राहिले. लाल. एक पाऊल आत. हिरवा. क्रांती माझ्या मागे मागे फिरत होती, समाधान तिच्या मागे.

"हॉलमध्ये असं काय आहे, जे स्वयंपाकघरात नाही?" मी विचारलं.

"टीव्ही," क्रांती म्हणाली.

"बंद आहे."

"पंखा. पंख्याने वारा लागतो ना त्याला."

पंखा बंद केला. लाल.

"सोफा," समाधान म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. "नाही, तू विचारलंस म्हणून सांगतो. कूलर. शोकेस. फोन. माझी बक्षिसाची शील्डं."

"मी हावो ना हॉलमध्ये," मामाजी म्हणाले. "मी स्वयंपाकघरात नसतो. माझ्यामुळं तर होत नसंल?"

त्यांनी हे चेष्टेत म्हटलं की खरंच, मला कळेना. मी नव्या रिमोटसोबत आलेलं माहितीचं घडीपत्रक उघडून पुन्हा वाचायला लागले. बारीक इंग्रजी अक्षरं, मुंगीएवढी. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीवर थांबले.

"अहो," मी म्हटलं, "लाइट गेलीये ना?"

"गेली की."

"सगळे दिवे बंद आहेत?"

"सगळे."

"मग मी हे वाचतेय कशी?"

सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

टीव्हीच्या वर, भिंतीवर, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा असे दोन फोटो आहेत, आणि त्यांच्यावर एक बत्ती. तिचं बटण मामाजींनी चिकटपट्टी लावून झाकलेलं, चुकून कोणी बंद करू नये म्हणून. ती इन्व्हर्टरलाही जोडलेली. त्यामागे कारण होतं. हा फ्लॅट घेण्याआधी ते सगळे जिथे भाड्याने राहत, तिथल्या घरमालकाने त्यांना एकदा म्हटलं होतं, फोटो आतल्या खोलीत लावा, बाहेरून दिसतो. त्यांनी चर्चा केली नाही, खोली सोडली. मग मयूर विहारला सोसायटीत स्वतःचं घर झालं तेव्हा पहिल्या दिवशी खिडकीसमोरच्या भिंतीवर फोटो लावले आणि त्यावर बत्ती, सोसायटीच्या गेटवरून दिसेल अशी. तेव्हापासून ती विझलेली नाही. इतकी की आम्ही तिला दिव्यात धरतच नव्हतो. दिवे म्हणजे जे आपण लावतो आणि घालवतो ते. ही होती, जशी भिंत असते.

"तुम्ही तीपण बदललीत?" मी समाधानला विचारलं.

"सगळ्याच बदलल्या," तो हळूच म्हणाला. "ती तर चोवीस तास जळते. सर्वांत जास्त बचत तिथेच."

"आणि टीव्हीचा डोळा बरोबर तिच्या खाली. वर्षभर आपण उठून उठून रिमोट दाबतोय. टीव्ही म्हातारा झाला म्हणे!"

"अरे बापरे," क्रांती म्हणाली. "पप्पा, तुम्ही टीव्हीला उगाच बदनाम केलंत."

डबा तर मला स्वयंपाकघरात बसूनही शिकवता आला असता. पण ही बत्ती टीव्हीच्या डोक्यावर असेपर्यंत दिवाणावरून दाबलेलं टीव्हीला ऐकूच जाणार नव्हतं, आणि मामाजींना काही उठून हातभर अंतरावर जाऊन उभं राहता येणार नव्हतं. मला ती एकदा बंद करून खात्री करायची होती. पण चिकटपट्टीला हात कोण लावणार? समाधानने माझ्याकडे बघितलं, मी समाधानकडे. आम्ही दोघं नवस-सायास, शकुन-अपशकुन यांच्यावर शेजाऱ्यांशी वाद घालणारी माणसं. आणि एका बटणासमोर उभे होतो.

"काय बघून राहिले?" मामाजी म्हणाले.

"मामाजी, ती बत्ती... दोन मिनिटं..."

त्यांनी फोटोंकडे पाहिलं. मग म्हणाले, "बत्ती फोटोसाठी नाही लावली, बाप्पा. त्या गेटवरच्या लोकांसाठी लावली. आन् आता गल्लीत अंधार हाये, कोण पाहून राहिलं? काढ ती पट्टी."

मी काढली. जुनी होती, बटणाचा रंग घेऊन निघाली. खट. हॉल पहिल्यांदा खरोखर काळोखा झाला. मी चाचपत डबा शोधला, रिमोट धरला, दाबला. त्या काळोखात ते हिरवं टिंब फार मोठं दिसलं.

"शिकला," मामाजी म्हणाले.

"आता साधा बल्ब लावू तिथे," मी म्हटलं. "तारेचा. तो लुकलुकत नाही, नुसता तापतो. तो चालेल. बाकीचे दिवे टीव्हीपासून लांब आहेत, ते राहू देत."

समाधान लगेच चपला घालून खाली गेला. बल्ब घेऊन आला तेव्हा तणतणत होता. "दुकानवाला मलाच सांगतो, सीएफएल ले लो जी, बिजली बचेगी. मला! या कॉलनीत पहिले मी घेतले होते."

त्याने स्टुलावर चढून बल्ब लावला. पिवळा, ऊबदार उजेड पडला. मामाजींनी मान कलती करून पाहिलं. "गेटवरून दिसते का पण?"

म्हणून समाधान परत खाली गेला. आम्ही खिडकीशी उभ्या राहिलो. खालून त्याचा आवाज आला, "दिसतंय! बाबा, दिसतंय!" मग वॉचमनचा, "क्या दिख रहा है, साहब?" मग समाधान त्याला काहीतरी सांगत बसला, बराच वेळ.

तोवर मी डब्याला पाचही बटणं शिकवली. दाबलं की हिरवा, दाबलं की हिरवा. इतका शहाणा विद्यार्थी मी पाहिला नाही.

समाधान वर आला आणि लाइट आली. कूलर घरघरला. टीव्हीवरची बाई जिथे गेली होती तिथूनच जणू परत ओरडायला लागली, तिच्याखाली लाल पट्टी धावायला लागली. मी टिफिन मामाजींच्या डाव्या मांडीवर ठेवला, टेडी वरच्या बाजूला. "हे चॅनेलचं, मामाजी. हे आवाजाचं. आणि हे चालू-बंद. इथूनच, बसल्या बसल्या. तुम्हाला हवं ते लावा."

क्रांती म्हणाली, "आबा, माझी सिरियल लावा ना, प्लीज."

"स्कोअर बघू आधी," समाधान म्हणाला.

मामाजींनी डाव्या हाताचा अंगठा बटणांवरून एकदा फिरवला. मग नीट निवडून दाबला.

टीव्ही बंद झाला.

आम्हाला वाटलं, चुकलं. मी पुढे झाले, "हे नाही मामाजी, हे—"

"असू दे," ते म्हणाले. "हेच पाहिजे होतं."

ते दिवाणाला टेकले. डोळे मिटले. आम्ही तिघं त्या गप्प टीव्हीसमोर उभे.

"आबा," क्रांतीने विचारलं, "तुम्हाला न्यूज नाही आवडत?"

"आवडते ना. अर्धा तास. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत कोणाले आवडन, पोरी? पाच महिने झाले, ती बाई माझ्यावर ओरडून राहिली. मी तिचं काय बिघडवलं?"

"मग सांगायचं नाही का, बाबा!" समाधानचा आवाज चढला. "बंद कर म्हणायचं. एक शब्द!"

"तुम्ही घाईत राहता. एका पायात बूट, एका हातात डबा, आन् तरी मागं येऊन माझ्यासाठी टीव्ही लावून जाता. आवाज वाढवून. त्याच्यावर काय म्हणू? बंद कर म्हणू?" मग डोळे न उघडता म्हणाले, "कूलरमधलं पाणी सरलं वाटते. कोरडा वाजून राहिला."

मी कान दिला. खरंच कोरडा वाजत होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. समाधान बादली घेऊन बाल्कनीत गेला, आणि पाणी ओतल्याचा आवाज आला तसे मामाजी हसले.

तेवढ्यात फोन वाजला. गुणवंतभाऊजी होते, सामान काय काय बांधायचं ते विचारायला. मी रिसीव्हर मामाजींच्या कानाला धरला.

"हो, ऐकू येते, सांग," ते म्हणाले. "ये ना, ये. तिकीट काढलं तं ये. राह्य चार दिवस, वैजयंती वांग्याचं भरीत करन... मी? मी काहून येऊ? इथं माझ्यावर एक जबाबदारी पडली रे आता. घरात टीव्ही केव्हा लावायचा न् केव्हा नाही, ते मीच पाहतो."

"बाबा," समाधान बाल्कनीतून रिकामी बादली घेऊन आत आला, "स्कोअर तरी..."

मामाजींनी टिफिन उचलून उशीखाली ठेवला.

"जेवण झाल्यावर," ते म्हणाले. "कृपया चर्चा करू नये."